बंदोबस्ताच्या दिवशी पाणी नाही

महादेवी,

तू गेल्याची बातमी पेपरात आली, ती तुला वाचायला मिळाली नाही हे एका अर्थी बरंच झालं. त्यात तुला कर्तव्यदक्ष म्हटलंय, मनमिळाऊ म्हटलंय आणि शेवटी 'अल्पशा आजाराने निधन' असं छापलंय. ते वाचून माझं डोकंच फिरलं. दिवसाआड डायलिसिसच्या मशीनला जाऊन पडणाऱ्या बाईचा आजार अल्प कसा? आणि मनमिळाऊ तर तू कधीच नव्हतीस. ठाण्यातल्या निम्म्या लोकांशी तुझं वाजलेलं होतं आणि माझ्याशी तर रोज वाजायचं. नांदेडच्या पोलीस क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लावून राहिलो, एकाच ठाण्यात हवालदारकी केली, आणि आपण जेवढ्या भांडलो तेवढ्या सख्ख्या जावाही भांडत नसतील.

भांडण तसं एकच होतं. बंदोबस्ताला निघताना मी पाण्याची बाटली भरून घ्यायची आणि तू घ्यायची नाहीस.

बंदोबस्त म्हणजे काय ते बाहेरच्या लोकांना सांगूनही कळत नाही. मंत्र्याचा दौरा असो, मिरवणूक असो की निवडणूक, भल्या सकाळी हजेरी होते, प्रत्येकाला उभं राहायची एक जागा मिळते, तिला आपण पॉइंट म्हणतो. तिथून हलायचं नाही. दुपारी येणारा पाहुणा संध्याकाळी आला तरी हलायचं नाही. पुरुषांचं काही अडत नाही, त्यांना एखादी भिंत किंवा बाभळीचं झाड पुरतं. बाईला दार लागतं आणि दाराला आतून कडी लागते, आणि ते दार कुठे आहे याचा विचार बंदोबस्त लावणाऱ्याने कधी केलेला नसतो. त्यावर तू तुझा उपाय काढला होतास. आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडायचं, सकाळचा चहा टाळायचा आणि पॉइंटवर तोंडात लवंग धरायची, म्हणजे घसा फार कोरडा पडत नाही. नव्या पोरी भरती होऊन आल्या की तू त्यांच्या हातावर लवंगा ठेवायचीस. "बंदोबस्ताच्या दिवशी पाणी न्हाई," हा तुझा पहिला धडा. काठी कशी धरायची आणि गर्दीत पाय कसे रोवायचे हे सगळं त्याच्यानंतर.

गोदावरीच्या पुलाजवळ एकदा आपले पॉइंट शेजारी शेजारी आले होते, आठवतं? डांबर बुटाला चिकटेल असं ऊन होतं. समोरच्या घराच्या उंबऱ्यावर एक म्हातारी लसूण सोलत बसली होती. मी तुला म्हणाले, "जाऊन ये तिच्याकडं. ती न्हाई म्हणायची न्हाई."

"मी न्हाई जायची."

"कामून?"

"आज तिच्या मोरीत जायचं आन उद्या तिच्याच पोराचं वॉरंट घेऊन तिच्या दारात उभं ऱ्हायचं का?"

"उद्याचं उद्या बघू की."

"एकदा उपकार घेतला की हात ढिला पडतो, शके. तू जा. तुझा पॉइंट मी बघून राहिले ना."

मी गेले. मी नेहमीच जायची, मला कधी त्याची लाज वाटली नाही. परत आले तेव्हा तू दोन्ही पॉइंटांच्या मधोमध उभी होतीस आणि एका मोटारसायकलवाल्याला झापत होतीस. तुझे ओठ पांढरे पडले होते. मी बाटली पुढे केली तर तू असं बघितलंस की जणू मी तुला लाच देत होते.

घरी आल्यावर मी दुसऱ्या बाजूने यायची. अर्ज करू म्हणायची. सगळ्या महिला मिळून सह्या करू, बंदोबस्ताला शौचालयाची गाडी मागू. त्यावर तू धपाटं थापता थापता हसायचीस. "अर्ज केला की काय होतं ठाऊक हाय का? म्हणतील, बायांना झेपत न्हाई. बायांना हापिसात बसवा. मग बस जन्मभर टपाल फोडत." हे तू हवेत बोलत नव्हतीस. तू नोकरीला लागलीस तेव्हा तुला टपालच दिलं होतं. पुढे आरोपी बायकांची झडती, मग हरवलेली लेकरं सांभाळणं. रस्त्यावरची ड्युटी तू भांडून मिळवलीस, वरिष्ठांच्या टेबलासमोर उभं राहून मिळवलीस. "मी रडगाणं गायलं न्हाई म्हणून मला पॉइंट देतात," असं तू म्हणायचीस. मग मी तुझ्या शेंगदाण्याच्या चटणीला नावं ठेवायची आणि तू माझ्या मटणाच्या डब्याला.

इस्लापूरकडच्या एका वाडीवर आपण बालविवाह थांबवायला गेलो होतो, तो दिवस मला सारखा आठवतोय. नवरी नववीत शिकणारी. आपण मांडवात शिरलो तशा बायांनी आपल्याभोवती कडं केलं. पोरीची आजी तुझ्या अंगावर धावून आली. "तुला लेकरं हायत का न्हाई गं जमादारनी? का वांझोटीच हायस?" म्हणाली. तुझी दोन्ही लेकरं रेणापूरला सासूजवळ वाढत होती, नवरा तिथे किराणा दुकान बघत होता, आणि तू सुट्टी मिळेल तेव्हा लातूरची बस पकडून त्यांची तोंडं बघून येत होतीस. मला वाटलं, आता ही म्हातारीला सोडत नाही. तू मात्र तिला हाताला धरून खाली बसवलंस, स्वतः तिच्याशेजारी मांडी घातलीस आणि विचारलंस, "आजी, तुमचं लगीन झालं तवा तुम्ही केवढ्या होत्या? पहिलं बाळंतपण आठवतं का?"

म्हातारी नवरीकडे बघत म्हणाली, "ते जगलं न्हाई."

तू तिच्याजवळ नुसती बसून राहिलीस. मग त्या म्हातारीनेच उठून पोरीच्या मुंडावळ्या सोडल्या. पोरीचा बाप मात्र जीपपर्यंत शिव्या देत आला आणि त्याच्या भावकीतल्या कुणीतरी भिरकावलेला दगड तुझ्या पाठीत बसला. मी त्या दिवशी तुझ्याकडून जे शिकले ते ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझं कौतुक तोंडावर करायची आपल्यात रीतच नव्हती.

परतीच्या वाटेवर ती पोरगी जीपमध्ये चुळबुळ करायला लागली. तुला लगेच कळलं. तू गाडी थांबवलीस, रस्त्याकडेच्या एका घराची कडी वाजवलीस आणि म्हणालीस, "ताई, लेकराला जरा आत जाऊ द्या." घरधनीण भली होती. पोरगी आत गेल्यावर ती तुला म्हणाली, "तुम्हीबी जाऊन या की बाई." तू म्हणालीस, मला गरज नाही. सकाळपासून मी तुझ्याबरोबर होते, महादेवी. तुला गरज नव्हती हे खोटं होतं. जीप सुरू झाल्यावर मी तुला टोचलं, "पोरीसाठी बरं दार वाजवलंस."

"ती पोलीस न्हाई," तू म्हणालीस.

महिला दिनाचा तो सत्कारही तुला आठवत असेल. हॉलमध्ये आपल्याला रांगेत बसवलं, नारीशक्तीवर भाषणं झाली, एकेकीला गुलाबाचं फूल आणि स्टीलची पाण्याची बाटली दिली. पाहुण्यांनी सांगितलं की आपल्या भगिनींनी आरोग्याची काळजी घेतली पाहिजे. तू माझ्या कानाशी येऊन म्हणालीस, "पाणी भरायची सोय झाली, सोडायची कवा?" मी एवढ्या जोरात हसले की साहेबांनी वळून पाहिलं. ती बाटली तू घरी नेऊन करडईच्या तेलाला लावलीस.

मग तुझे पाय सुजायला लागले. बूट चढेनात तसे तू मोठ्या मापाचे बूट आणलेस, डॉक्टरकडे गेली नाहीस. त्याआधी कितीदा तरी थंडी वाजून ताप आला होता, लघवीला जळजळ व्हायची, तेव्हा मेडिकलवाल्याकडून गोळ्या घ्यायचीस आणि पायांच्या दुखण्यासाठी आणखी वेगळ्या गोळ्या. शेवटी हजेरीत चक्कर येऊन पडलीस म्हणून तुला दवाखान्यात नेता आलं. डॉक्टर शहाणा माणूस होता. म्हणाला, एकच एक कारण सांगता येत नाही. पण वारंवार झालेलं इन्फेक्शन, कमी पाणी, वर दुखण्याच्या गोळ्या, हे एका दिवसात होत नाही. दोन्ही किडन्या गेल्यात. तू त्याच्याकडे बघत विचारलंस, "ड्युटी कवा जॉइन करता येईल?" त्या क्षणी मला तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. खरं सांगते.

आणि नंतर जे झालं ते तर वैऱ्यालाही येऊ नये. किडनी बंद पडली की पाणी मोजून देतात. अंगात साठून राहतं, श्वास कोंडतो, म्हणून घोटाघोटावर पहारा. तू ओठांवरून ओलं फडकं फिरवायचीस. एकदा मी डबा घेऊन आले तर तू पलंगाजवळच्या संडासाच्या दाराकडे बघत पडली होतीस. म्हणालीस, "बघ शके. चार पावलांवर दार हाय. कडी हाय, लाइट हाय. आन आता पाणी देईनात." एवढं बोलून तू हसायला गेलीस आणि तुला खोकला आला. मी बाहेर जाऊन जिन्यात रडले. तुझ्यासमोर रडले असते तर तू मला हाकलून दिलं असतंस.

त्याच दिवशी मी पुन्हा विषय काढला. आता मी अर्ज टाकतेच म्हणाले, तुझं नाव घालून टाकते, बघू कोण नाही म्हणतं.

तू उशीवरून मान उचललीस. "माझं नाव घालायचं न्हाई."

"आता तरी ऐक गं."

"तूच ऐक. माझी किडनी दाखवून पोरींचे पॉइंट काढून घेतील. मी लई खपून ते मिळवलेत. माझ्या नावानं त्यांना घरी बसवू नको."

"आन त्या तुझ्यासारख्या इथं येऊन पडल्या तर?"

तू डोळे मिटून घेतलेस. मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. चादर तुझ्या पायांवर नीट केली आणि ड्युटीला निघून गेले. त्यानंतर आपण बोललो ते डबा, औषधं आणि तुझ्या लेकीच्या परीक्षेबद्दलच. ते भांडण तसंच अर्धवट राहिलं.

रेणापूरला मी तुझ्या मातीला आले होते. आमच्यात माणूस आडवं नेतात आणि जाळतात. तुमच्या लिंगायतांत बसवून नेतात, बसवूनच पुरतात, हे मी ऐकून होते, पण बघितलं पहिल्यांदाच. तुला भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. हिरवं लुगडं, कपाळाला भस्म आणि त्यावर मोठं कुंकू, गळ्यात लिंग. समोर बायका ओटी भरत होत्या. मी दारातच थबकले. तुझा हात हातात घ्यावा असं फार वाटलं. गर्दीत रेटारेटी झाली की तुझा तो डावा हात माझ्या कमरेच्या पट्ट्यात घट्ट अडकवलेला असायचा, आणि त्या हाताच्या भरवशावर मी कितीतरी जमावांत उभी राहिलेय. आता त्यावर डायलिसिसच्या सुयांच्या गाठी होत्या आणि हिरवा चुडा.

सगळी तयारी झाली तरी तुला उचलेनात. विचारलं तर कळलं, साहेब पुष्पचक्र घेऊन निघालेत, ते येईपर्यंत थांबायचं आहे. मांडवात बसलेली माणसं घड्याळं बघत होती. ऊन चढत होतं. तुझी सासू, जिने तुझी लेकरं वाढवली, ती तुझ्या शेजारीच बसली होती. ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "जित्तेपणी साहेबाची वाट बघण्यात गेली. आता मेल्यावर बी तेच का?" मग माझ्याने राहवलं नाही. मी वर्दीत होते. मी तुझ्या नवऱ्याला म्हणाले, "दाजी, उचला. साहेब येतील त्यांच्या टाइमानं." आणि उचललं तुला. साहेब आले तेव्हा मीठ आणि भस्म टाकून खड्डा निम्मा बुजवून झाला होता. त्यांनी पुष्पचक्र मातीवर ठेवलं, सॅल्यूट केला. मानवंदना वगैरे नव्हती, कारण तू ड्युटीवर असताना गेली नाहीस, आजारी रजेवर असताना गेलीस.

आज ठाण्यात तुझी शोकसभा झाली. सगळे उठून स्तब्ध उभे राहिले. मग खाली बसले आणि लगेच त्याच हॉलमध्ये उद्याच्या बंदोबस्ताचं वाटप सुरू झालं. मोठा दौरा आहे, विमानतळापासून विष्णुपुरीपर्यंत रस्त्यावर माणसं लावायची आहेत. साहेब नवे आहेत, तरुण आहेत, कुणालाही अरेतुरे करत नाहीत. पॉइंटांची नावं वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, कुणाला काही अडचण? दर वेळी विचारतात आणि दर वेळी कुणी बोलत नाही.

मी उभी राहिले, महादेवी. आणि मी तुझं नाव घेतलं. म्हणाले, "सर, महादेवीबाई अल्प आजाराने गेल्या नाहीत." मग जे मनात होतं ते सगळं सांगितलं. लवंग सांगितली, बूट सांगितले, डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं. पुरुष मंडळी खाली बघत होती. उद्या रस्त्यावर महिलांसाठी एक गाडी उभी करा, एवढंच मागितलं.

साहेबांनी मन लावून ऐकलं. त्यांचा चेहरा खरंच पडला होता, ढोंग नव्हतं त्यात. म्हणाले, "बाई, हे आधीच सांगायला हवं होतं. असं करू, यापुढे लांबच्या बंदोबस्तातून महिलांना सूट देऊ. त्यांना ठाण्यातली कामं देऊ."

मी म्हणाले, "सूट नको सर. गाडी पाहिजे."

"गाडी माझ्या हातात नाही. सूट माझ्या हातात आहे."

तू दवाखान्यात जे बोलली होतीस तेच, अगदी तसंच झालं. तू चिडून सांगितलं होतंस, ते एका भल्या माणसाने माझ्या भल्यासाठी केलं. मी काही बोलायच्या आत मागून रेणुका उठली. किनवटकडची ती पोरगी, मागच्या भरतीतली, तुझ्या हाताखाली तयार झालेली. सावधान उभी राहून म्हणाली, "सर, मला सूट नको. मला पॉइंट द्या. मला काही लागत न्हाई, मला सवय हाय."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, हे स्पिरिट पाहिजे. कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "शेवटी महादेवी मॅडमचा हात फिरलाय." बाकीच्या पोरींनीही एकेक करून हात वर केले. सूट बारगळली, गाडीचं नाव पुन्हा निघालं नाही. मी खाली बसले.

संध्याकाळी रेणुका मला पाण्याच्या फिल्टरजवळ सापडली. ओठांची सालपटं निघाली होती तिच्या. मी ग्लास भरून तिच्यापुढे धरला.

"पी."

"मॅडम, उद्या बंदोबस्त हाय."

"पी म्हणते ना."

ती मला घाबरते. तिने ग्लास तोंडाला लावला, गाल फुगवले, मान हलवली आणि बाहेर गेली. मी खिडकीतून बघत होते. व्हरांड्याच्या टोकाला तुळशीची कुंडी आहे ना, तिथे ती वाकली आणि तोंडातलं सगळं पाणी तिने कुंडीत टाकलं. मग पदर नसताना पदराने पुसावं तसं बाहीने तोंड पुसलं आणि क्वार्टरकडे चालू लागली.

मी तिला हाक मारली नाही. तोंडाशी आली होती. हाक मारून बळेच प्यायला लावलं तर उद्या दार शोधायला तिला पॉइंट सोडावा लागेल, आणि एकदा सोडला की तिला पुन्हा रस्त्यावर कुणी उभं करणार नाही, हे तूच मला पटवून गेलीस. आणि हाक नाही मारली तर तिचं काय होतं, ते मी रेणापूरला येऊन बघून आलेय.